घरसोबती

बेबीचा जुना फोन गरम पाण्यात पडून मेला. ती फिजिओथेरपिस्ट. शेकाच्या पिशव्या तापवायची एक स्टीलची टाकी दवाखान्यात असते, तिच्यावर वाकून ती पिशवी काढत होती आणि अ‍ॅप्रनच्या वरच्या खिशातून फोन सुळकन निसटला. चिमट्याने बाहेर काढेपर्यंत त्याने एक अर्धवट शब्द उच्चारला आणि कायमचा गप्प झाला.

बेबी हे तिचं खरं नाव नव्हतं. पण चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. दादा तिला रोज दवाखान्यात सोडायला आणि न्यायला यायचा, दारातून त्याच नावाने हाक मारायचा, त्यामुळे दवाखान्यातही ती बेबीच झाली. लहानपणी एका तापात तिची दृष्टी गेली होती. पुढे आईने जाताना तिचा हात दादाच्या हातात दिला, आणि दादाने तो सोडला नाही. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं सगळे म्हणत. बेबीही म्हणायची.

फोन गेला म्हणजे तिचं अर्धं जग गेलं. पत्र वाचायचं, नोटा ओळखायच्या, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघायचं, सगळं तो बोलून सांगायचा. तिचा होता आयफोन. पहिल्यांदा फोन घेतला तेव्हापासून तोच, आणि त्याच्यावर तिचा भारी जीव.

तिची एक शाळासोबतीण होती. तीही दृष्टिहीन. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात ती अंधांना फोन वापरायला शिकवायची, म्हणून बेबी तिला मास्तरीण म्हणायची. मास्तरीण कट्टर अँड्रॉइडवाली. दोघींचं यावरून वर्षानुवर्षं भांडण.

"तुमचं म्हणजे हॉटेलातली खोली," मास्तरीण म्हणायची. "छान, स्वच्छ, पण उशी इकडची तिकडे करायची तरी मालकाला विचारा!"

"आणि तुमची धर्मशाळा," बेबी म्हणायची. "कुणीही यावं, टिचकी मारून जावं."

तर आता दुसऱ्याच दिवशी दादा नवा फोन घेऊन आला, आणि तो निघाला अँड्रॉइड.

"सगळं लावून आणलंय, बेबी," तो तिच्या हातात फोन ठेवत म्हणाला. "बोलणारा आवाज, तुझे नंबर, तुझं ईमेल. पासवर्डसुद्धा तुझा जुनाच ठेवलाय."

"माझा पासवर्ड तुला कसा माहीत?"

"इतकी वर्षं तुझी बोटं बघतोय. पाठ होणार नाही तर काय!"

वहिनी हसली. बेबीही हसली.

पहिले काही दिवस तिला उजव्या हाताने जेवणाऱ्याला डावखुरं व्हायला लावल्यासारखं झालं. आयफोनवर दोन बोटं काचेवर ठेवून गोल फिरवली, जशी नळाची चावी फिरवतात, की एकेक सोय समोर यायची. इथे चावी नव्हतीच. बोट वर सरकवा, खाली सरकवा, तीन बोटं बाजूला न्या. मागे जायचं तर वेगळीच खूण. मास्तरीण मात्र खूश.

"आलीस ना शेवटी आमच्या पंथात! आता सांग, मराठी आवाज कसा वाटतोय?"

"आवाज बरा आहे गं. माझा जुना बाप्या जोडाक्षरावर अडखळायचा."

"आणि ज्या बटणाला आवाज नुसतं 'बटण' म्हणतो त्याला तू स्वतः नाव देऊ शकतेस."

"ते तिकडेही होतं. उगाच भाव खाऊ नकोस."

एका गोष्टीची मात्र तिने पहिल्यांदा चौकशी केली. जुन्या फोनवर तीन बोटांनी तीनदा टिचकी मारली की काच पूर्ण काळी व्हायची. फोन आत चालू, पण शेजारच्याला काही दिसायचं नाही. बेबी त्याला पडदा म्हणायची. आपल्यासमोर कोण उभं राहून वाचतंय हे ज्याला कळत नाही, त्याला पडद्याची किंमत विचारावी. मास्तरणीने सांगितलं, इथेही आहे, मेनूमध्ये जा, 'स्क्रीन लपवा' म्हण. बेबीने लगेच लपवली. शिवाय ती फोनचं बोलणं इतकं भरधाव लावायची की डोळसांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. काच काळी, बोली अगम्य. तिला वाटलं, झालं, दार बंद.

याच सुमारास मास्तरणीने नोकरीची गोष्ट काढली. तिच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपीच्या विभागात जागा होती. राहायला आवारातच खोली. "चौथ्या मजल्यावर आहे," मास्तरणीने लिहिलं, "पण लिफ्ट बोलणारी आहे! आणि मी दोन गल्ल्या सोडून." बेबीने बरेच दिवस विचार केला. नको म्हणायला कारण सापडेना, म्हणून तिने अर्ज केला. फोनवर मुलाखतही दिली, दवाखान्यातल्या रिकाम्या खोलीत बसून. घरी सांगितलं नाही. पक्कं झालं की सांगू, उगाच आधी दादाचा जीव टांगणीला कशाला, असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर ती घाबरत होती. कशाला, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

एका रविवारी सगळे जेवत होते. दादा तिच्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाला, "परगावी राहणं सोपं नसतं बरं का. चार-चार मजले. लिफ्ट बंद पडली की माणूस अडकलं."

बेबीचा घास हातातच राहिला. "कुणाबद्दल बोलतोयस?"

"कुणाबद्दल नाही. आमच्या दुकानातल्या एकाची बदली झाली, त्याचं चाललं होतं." दादा फर्निचरच्या मोठ्या दुकानात मॅनेजर होता. "तू जेव. गार होतंय."

योगायोग असेल, तिने मनाला सांगितलं. चौथे मजले जगात पुष्कळ आहेत. पण त्या दिवसापासून तिला घरातल्या घरात अवघडल्यासारखं व्हायला लागलं. वहिनी कपड्यांच्या घड्या करत असली तरी वाटायचं, घड्या थांबल्यात आणि ती आपल्याकडे बघतेय. आधी तिने मास्तरणीवरच संशय घेतला. ही दादाशी बोलली असेल का? मग वहिनीवर. मग तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटी तिने एक गोष्ट करून पाहिली. दवाखान्यात, पडदे ओढलेल्या उपचाराच्या खोलीत, एकटी असताना, काच काळी करून, तिने मास्तरणीला निरोप लिहायला घेतला: डावा कान फार ठणकतोय, कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरकडे जायची भीती वाटते. तिचा कान ठणठणीत होता. आणि निरोप तिने पाठवलाच नाही. लिहिला, क्षणभर ठेवला आणि पुसून टाकला.

संध्याकाळी दादा न्यायला आला. गाडीत बसल्यावर त्याने तिच्या तळहातावर एक लहानशी बाटली ठेवली.

"हे काय?"

"कानात घालायचे थेंब आहेत. रात्री झोपताना दोन-दोन." आणि मग अगदी मायेने, "दुखत असलं की सांगावं गं बेबी. अंगावर काढू नये."

तिने गाडीची काच खाली केली आणि घर येईपर्यंत तोंड वाऱ्याकडे ठेवलं. दादाने हीटर लावला, कानाला गारवा लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा फोन टेबलाच्या खणात, टॉवेलांच्या खाली ठेवला आणि दवाखान्याच्या काउंटरवरच्या जुन्या फोनवरून मास्तरणीला गाठलं. सगळं सांगितलं. मास्तरीण, जिला एरवी बोलताना श्वास घ्यायला फुरसत नसते, ती ऐकतच राहिली.

"न पाठवलेलं?" तिने विचारलं.

"न पाठवलेलं. पुसलेलं."

"बेबी, तो फोन घेऊन ये. सेटिंग्जमध्ये जा. जिथून आपला वाचणारा आवाज चालू करतात त्या यादीत. मला ऐकू येईल असा हळू वाचायला लाव."

बेबीने फोन आणला. एका कानाला काउंटरचा फोन, दुसऱ्या हाताच्या बोटाने ती यादीवरून खाली उतरत गेली. आवाज एकेक वाचत होता.

"टॉकबॅक. सुरू आहे."

हाच तिचा वाचणारा. ती खाली सरकली.

"स्विच अ‍ॅक्सेस. बंद आहे."

आणखी खाली.

"डाउनलोड केलेली अ‍ॅप्स. घरसोबती. सुरू आहे."

"हे काय आहे?" बेबीने विचारलं.

तिकडून आवाज आला, इतका लहान की तिला तो ओळखू आला नाही.

"आपला वाचणारा कसा चालतो माहितेय ना? काचेवर जे जे येतं ते सगळं वाचायची, आपण टाइप केलेलं ऐकायची, आपल्या वतीने बटण दाबायची परवानगी त्याला असते. त्याशिवाय तो आपल्याला काय सांगणार? तुझ्या जुन्या फोनवर ती परवानगी कंपनीच्या स्वतःच्या वाचणाऱ्यालाच. बाहेरच्या कुणाला नाही. तिथे चोरवाटा नाहीत असं नाही, पण ही वाट नाही. इथे ती कुठल्याही अ‍ॅपला देता येते. कुणीतरी फोन हातात घेऊन, विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना हो-हो म्हणत, ती द्यावी लागते एवढंच. म्हणूनच तर मी म्हणायचे ना, आमचं घर मोकळं..." ती थांबली. "तू पडदा लावलास तरी या घरसोबतीला फरक पडत नाही. तो काचेच्या बाहेर नाही. आत बसलाय. तुझ्या आवाजाच्या मांडीला मांडी लावून."

"दाबतोही?"

"काय?"

"तू म्हणालीस, बटण दाबायची परवानगी. म्हणजे तो लिहूही शकतो? माझ्या नावाने?"

मास्तरणीने फोन ठेवला, सरळ रुग्णालयात लावला आणि अर्ध्या तासाने काउंटरचा फोन खणखणला. विभागप्रमुख बाईंनी सांगितलं होतं की निवडीच्या पत्राला बेबीचं ईमेल आलं. ते निवडीचं पत्र बेबीपर्यंत पोचलंच नव्हतं. घरच्या अडचणींमुळे रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. बाईंना वाईट वाटलं होतं. मजकूर फार शालीन होता, असंही म्हणाल्या.

बेबी काउंटरची कड धरून उभी राहिली. तिला राग येत नव्हता. तिच्या मनात येत होतं की आजवर तिने नाकारलेल्या, तिला नाकारणाऱ्या, आपोआप मागे पडलेल्या किती गोष्टी होत्या. तो योगशिबिराचा गट, जो अचानक भरलाय म्हणाला. तो विधुर रुग्ण, ज्याने एकाएकी यायचं बंद केलं. ते सगळं याआधीच्या फोनच्या काळातलं. तेव्हा घरसोबती नव्हता, पण तिच्या बोटांकडे बघणारा माणूस होता.

घरसोबती बंद करावा, असं तिच्या मनात आलं. "करू नकोस," मास्तरीण म्हणाली. "बंद झाला की दादाला कळेल. अशा अ‍ॅपना ते सांगता येतं."

म्हणून बेबी घरसोबतीबरोबर राहिली. रोजचं रोज लिहीत राहिली: वहिनीला दूध आणू का, रुग्णाची वेळ बदलली का, आज पाय दुखले. मास्तरणीला 'नोकरीचं जमत नाही गं, दादाला सोडून कशी येऊ' असंही लिहिलं, आणि मास्तरणीने 'बरं, तुझी मर्जी' असं रुसल्यासारखं उत्तर दिलं. त्या संध्याकाळी दादा फार खुशीत होता. त्याने तिच्यासाठी घरात घालायच्या मऊ चपला आणल्या होत्या. स्वतः खाली बसून तिच्या पायात घातल्या, मापाच्या आहेत का ते बोटांनी दाबून पाहिलं. बेबी खुर्चीत बसून राहिली. तिचे पाय गार पडले होते, आणि ते दादाला कळलंही असेल.

खरी बोलणी काउंटरच्या फोनवरून झाली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना तिने विश्वासात घेतलं. त्या आधी म्हणाल्या, "भाऊ आहे, काळजीपोटी करत असेल." मग बेबीने कानाच्या थेंबांची गोष्ट सांगितली. त्यानंतर रुग्णालयाला बाईंनी स्वतः पत्र लिहिलं. दिवस ठरला. मास्तरीण येऊन तिला दवाखान्यातूनच घेऊन जाणार होती.

त्या दिवशी सकाळी दादाने तिला नेहमीसारखं सोडलं. बेबीने फोन खणात टॉवेलांखाली ठेवला. उपचाराच्या खोलीत तिची पिशवी आधीच दडवलेली होती: दोन जोड कपडे, प्रमाणपत्रं, आईची शाल. दुपारी मास्तरीण आली. काठीचा टकटक आवाज, मग तिची घामेजलेली मिठी. टॅक्सी दाराशी उभी होती.

"चल," मास्तरीण म्हणाली. "उरलेलं रडणं गाडीत रडू."

"थांब, श्वास घेऊ दे. मला वाटतंय आत्ता तो येईल आणि मी त्याच्यामागे मुकाट्याने चालायला लागेन. मला भीती त्याची नाही गं. माझी आहे."

"काही येत नाही तो. दुकानात असेल पलंग विकत."

बेबी हसली, आणि हसता हसता थबकली. खोलीत पॉलिशचा वास होता. लाकडाच्या ताज्या पॉलिशचा, दुकानातल्या नव्या कपाटांचा. तो आत्ता आला नव्हता. मघापासून होता. तिने तो ओळखला नव्हता, कारण तो वास तिच्या रोजच्या दिवसाचाच भाग होता.

"दादा," ती म्हणाली. "किती वेळ उभा आहेस?"

"बराच," दादा म्हणाला.

आवाज खिडकीजवळून आला, शांत. मास्तरणीच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला आणि तिने बेबीचं मनगट पकडलं.

"तुला कसं कळलं?" बेबीने विचारलं.

"सकाळपासून तू काहीच लिहिलं नाहीस. फोन जागचा हलला नाही. मला काळजी वाटली."

"तू माझं सगळं वाचतोस."

"हो." त्याने लपवलं नाही. "तुला दिसत नाही, बेबी. मग तुझ्यावर नजर कुणी ठेवायची? रस्ता ओलांडताना मी तुझा हात धरतो, तेव्हा तू विचारतेस का की माझा हात का धरला?"

"हा रस्ता नव्हता, दादा. माझं पत्र होतं. ते तू लिहिलंस."

"तू लिहिलं असतंस तसंच लिहिलं. मला तुझी भाषा येते." त्याच्या आवाजात जराही लाज नव्हती, उलट काहीशी माया होती, आणि तिच्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच. "आईला काय सांगू मी? या आंधळीच्या हवाली केली म्हणून सांगू?"

"आंधळी इथेच उभी आहे," मास्तरीण म्हणाली. "आणि बहिरी नाही."

दादाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पावलं जवळ आली. बेबीने काठीसाठी भिंतीच्या कोपऱ्याकडे हात नेला. तिथे काठी नव्हती.

"काठी दे, दादा."

"घरी देतो."

"काठी दे."

दादा तिला हात लावणार नव्हता, हे तिला माहीत होतं. त्याने आयुष्यात तिच्यावर हात उगारला नव्हता. तो फक्त उभा राहणार होता, काठी हातात धरून, ती दमेपर्यंत. लहानपणी ती हट्ट करायची तेव्हाही तो असाच उभा राहायचा. आणि दरवेळी ती दमायची.

बेबीने मास्तरणीचा दंड धरला. "तुझी आहे ना?"

"आहे."

"मग एक पुरे."

दोघी निघाल्या. मास्तरीण पुढे, तिची काठी पुढे, बेबी तिच्या दंडाला. जाताना बेबीचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला, पुढे एक खुर्ची आडवी आली. मागून दादा प्रत्येक वेळी अगदी हळू सांगत होता. "डावीकडे घे. पायरी आहे, बेबी. अजून एक." त्याचं सांगणं बरोबर होतं. पायऱ्या तिथेच होत्या. तिने ऐकलं नाही, आणि शेवटच्या पायरीला अडखळून गुडघा फोडून घेतला. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि दोघींना टॅक्सीत बसवलं. गाडी सुरू झाल्यावर बेबीने ऐकलं, दादा ड्रायव्हरला खिडकीतून सांगत होता, "सावकाश चालवा. तिला गाडी लागते."

ती रुजू झाली. चौथ्या मजल्यावरची खोली तिला आवडली. मास्तरणीने तिला बाजारात नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "तू आपला तुझा आयफोनच घे." बेबीने दोन्ही हातात घेऊन पाहिले, दोन्हीवर बोट फिरवलं. दुकानदार कॅमेऱ्याबद्दल बोलत होता. शेवटी तिने साधा बटणांचा फोन घेतला, जो काही वाचत नाही आणि काही बोलत नाही. स्मार्टफोन घ्यायचाच आहे, पण स्वतः लावायला शिकेन तेव्हा, ती म्हणाली. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत, कशाला हो म्हणतेय ते कळून.

नवा नंबर तिने घरी दिला नाही. पण विभागातल्या टेबलावर एक फोन आहे, आणि तो दर गुरुवारी दुपारी, तिचे रुग्ण संपले की वाजतो. ते कधी संपतात हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. पलीकडून कुणी बोलत नाही. श्वास ऐकू येतो. रिसीव्हर ठेवून द्यावा असं तिला दरवेळी वाटतं, आणि दरवेळी ती थोडा वेळ तशीच उभी राहते.

गेल्या गुरुवारी ती बोलली. "दादा, मी बरी आहे. आता फोन करू नकोस."

पलीकडून दादा म्हणाला, "गुडघ्याची खपली काढू नकोस, बेबी," आणि त्याने फोन ठेवला.

तिचा हात गुडघ्यावरच होता.